सिस्टरला दिसतं ते डॉक्टरांपर्यंत पोचताना

२९ मार्च २००५ च्या सकाळी इंग्लंडमधल्या एका खासगी रुग्णालयात इलेन ब्रॉमिली ही ३७ वर्षांची स्त्री सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर आली. दोन लहान मुलांची आई, एरवी धडधाकट, आणि शस्त्रक्रिया रोज होणाऱ्यांपैकी. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा ठेवणारं साधन घशात नीट बसेना. दोनेक मिनिटांत रक्तातला ऑक्सिजन ७५ टक्क्यांवर उतरला, मग ४० टक्क्यांवर. भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत नळी घालायला घेतली. मदतीला दुसरे भूलतज्ज्ञ धावले, नाक-कान-घसा सर्जनही पुढे झाले. सगळे अनुभवी, सगळे जीव तोडून झटत होते, आणि सगळ्यांचं लक्ष त्या एका नळीवर खिळलं होतं. प्रयत्नामागून प्रयत्न झाले. वीसेक मिनिटं ऑक्सिजन घातक पातळीवर राहिला.

नळी जात नाही आणि मास्कमधून हवाही भरता येत नाही, अशी वेळ आली की पुढची पायरी ठरलेली आहे. गळ्याला समोरून छेद द्यायचा आणि थेट श्वासनलिकेत हवेला वाट करून द्यायची. थिएटरमधल्या एका सिस्टरने ट्रॅकिओस्टॉमीचा सेट आणला आणि तो तयार असल्याचं सांगितलं. कुणीच प्रतिसाद दिला नाही. दुसऱ्या सिस्टरने अतिदक्षता विभागाला फोन करून खाट राखून ठेवली. तिने ते सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर 'एवढं काय झालंय?' असा भाव दिसला, म्हणून तिने पुन्हा फोन करून खाट रद्द केली. इलेन शुद्धीवर आली नाही. तेरा दिवसांनी ती गेली.

तिचा नवरा मार्टिन ब्रॉमिली विमानाचा पायलट होता. त्याच्या व्यवसायात अपघातानंतर चौकशी होते ती कुणाला फासावर द्यायला नव्हे, पुढचं विमान वाचवायला. रुग्णालयातही तशीच चौकशी व्हावी असा त्याने आग्रह धरला. त्या चौकशीतून एक गोष्ट पुढे आली, आणि या लेखाचा विषय तीच आहे. काय करायला हवं ते सिस्टरना कळत होतं. ते कसं बोलावं, हे त्यांना कळत नव्हतं. मार्टिनने डॉक्टरांविरुद्ध मोहीम उघडली नाही. २००७ साली त्याने 'क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप' ही संस्था उभी केली आणि वैद्यकातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, याकडे ब्रिटनच्या आरोग्यसेवेचं लक्ष वळवलं.

पायलट माणसालाच हे दिसावं, यालाही कारण आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय का, अशी शंका उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकून टाकली. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी वैमानिकांना एक नवं प्रशिक्षण सक्तीचं केलं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, याचं. वैद्यकाने हे शिकायला पुढची वीस-पंचवीस वर्षं घेतली.

ब्रॉमिली प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यात कुणीही निष्काळजी नव्हतं म्हणून. साधन खोलीत होतं, ते वापरता येणारे हात खोलीत होते, ते वापरायची वेळ आली आहे हे ओळखणारे डोळेही होते. डोळे एकीचे आणि हात दुसऱ्याचे, आणि मधली वाट बंद. ही वाट आपोआप उघडी राहत नाही. ती बांधावी लागते आणि रोज वापरावी लागते. 'सगळ्यांनी मिळून-मिसळून काम करा' असं सांगून भागत नाही.

वाट का बंद होते? १९६७ साली लिओनार्ड स्टाइन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने एक निबंध लिहिला आणि डॉक्टर-नर्स यांच्यातल्या संवादाला चक्क खेळ म्हटलं. खेळाचा नियम असा की नर्सने सल्ला द्यायचा, पण सल्ला देतेय असं दिसू द्यायचं नाही. डॉक्टरने सल्ला घ्यायचा, पण मागतोय असं दिसू द्यायचं नाही. दिलेलं उदाहरण अगदी साधं आहे. मध्यरात्री नर्स फोन करते की अमुक रुग्णाला झोप येत नाही. डॉक्टर विचारतात, आधी कोणत्या औषधाने गुण आला होता? ती औषध आणि मात्रा सांगते. डॉक्टर तीच मात्रा 'ऑर्डर' म्हणून परत सांगतात, ती आभार मानते. निर्णय तिचा, शिक्का त्यांचा, आणि दोघांचाही मान शाबूत. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात दोन रात्री काढलेल्या माणसाला हा खेळ ओळखीचा वाटेल. नवा निवासी डॉक्टर पहिल्या महिन्यात बरंचसं वैद्यक इन्चार्ज सिस्टरकडून शिकतो. 'सर, मागच्या वेळी मोठे सर अशा पेशंटला हे द्यायचे,' हे वाक्य त्याच खेळातलं आहे. झोपेच्या गोळीपुरता हा खेळ निभावतो. ऑक्सिजन ४० टक्क्यांवर असताना सूचक बोलायला सवड नसते.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १९६६ साली चार्ल्स हॉफ्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वॉर्डात एकट्या असलेल्या नर्सला एका अनोळखी डॉक्टरचा फोन येई. तो सांगे, अमुक रुग्णाला या औषधाचे २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. बाटलीवर स्पष्ट छापलेलं होतं की दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. बाटलीत खरं तर निरुपद्रवी पदार्थ होता. २२ पैकी २१ नर्स ते औषध द्यायला निघाल्या. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. त्याचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी तसाच प्रयोग केला, पण या वेळी औषध ओळखीचं होतं, डॉक्टरचं नाव ओळखीचं होतं, आणि नर्सला आसपासच्या सहकाऱ्यांशी बोलायची मुभा होती. १८ पैकी फक्त दोघी औषध द्यायला तयार झाल्या. औषधाची माहिती आणि शेजारी विचारायला एक माणूस, एवढ्यानं चित्र पालटलं. रात्रपाळीत ३०-४० खाटांमागे एकच सिस्टर ठेवली की आपण नेमकं ते शेजारचं माणूस काढून घेतो. मनुष्यबळाच्या चर्चेत हा मुद्दा यायला हवा. कमी सिस्टर म्हणजे कमी हात, आणि शंका बोलून दाखवायला कमी कानही.

डॉक्टर राउंडला येतात, रुग्णापाशी काही मिनिटं थांबतात, पुढे जातात. सिस्टर पाळीभर तिथेच असते. तिला चार्टवर न मावणाऱ्या गोष्टी दिसतात. काल आपणहून उठून बसलेला माणूस आज उशीवरून मान उचलत नाही. सकाळी जेवणाच्या ताटावरून कुरकुर करणारी आजी दुपारी गप्प आहे. श्वास मिनिटाला २४, पण छातीऐवजी मानेचे स्नायू ओढले जाताहेत. नेदरलँड्समधल्या गुस्के डाऊ या संशोधिकेने २०१५ मध्ये नर्सच्या 'मला काहीतरी बरोबर वाटत नाही' या भावनेचीच चिकित्सा केली आणि ती कोणकोणत्या खुणांवरून येते याची यादी केली. श्वासातला बदल, हातापायांचा थंडपणा, थंडी वाजून थरथर, गोंधळलेपणा, अस्वस्थपणा, अपेक्षेबाहेरची वेदना, रुग्णाने स्वतः 'मला ठीक नाही' म्हणणं. नाडी-रक्तदाबाचे आकडे बिघडण्याआधीच ही काळजी बऱ्याचदा सुरू झालेली असते. म्हणजे सिस्टरची शंका हा अंदाजपंचे प्रकार नसून, वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून तयार झालेलं ज्ञान आहे. अडचण इतकीच की 'सर, पेशंट बरा वाटत नाही' या वाक्यात ते मावत नाही. पहाटे तीनला झोपेतून उठलेला डॉक्टर त्यावर काय ठरवणार?

आपल्याकडे त्यात भाषेची आणखी एक पायरी असते. रुग्ण अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा माडियात बोलतो, सिस्टर कदाचित केरळहून आलेली, केसपेपर इंग्रजीत. 'जीव घाबरा होतोय' असं बाई म्हणते तेव्हा साखर उतरलेली असू शकते, हृदयाचा झटका असू शकतो, नुसती भीतीही असू शकते. केसपेपरवर ते 'अस्वस्थता' होऊन बसलं की तीनही शक्यता एका गुळमुळीत शब्दाखाली गाडल्या जातात. जाणत्या सिस्टर रुग्णाचं वाक्य जसंच्या तसं सांगतात आणि सोबत ग्लुकोमीटरचा आकडा देतात. यात मावशी आणि वॉर्डबॉय यांचाही वाटा असतो. बेडपॅन काढणाऱ्या मावशीला शौचाचा काळा डांबरासारखा रंग सगळ्यांत आधी दिसतो. तो पोटातल्या रक्तस्रावाचा इशारा असतो. मावशीने ते सिस्टरला सांगावं आणि सिस्टरने हातातलं काम ठेवून पाहावं, ही वाटेची पहिली पायरी.

शंकेला आकार देण्याची जी पद्धत जगभर पसरली, ती आली अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून. पाणबुडीत काम केलेले डग बोनाकम आणि डॉक्टर मायकेल लेनर्ड यांनी कैसर परमनंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती रुग्णालयासाठी बेतली. नाव 'एसबार'. चार भाग, ठरलेल्या क्रमाने: आत्ता काय घडतंय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवं.

समजा, सर्जिकल वॉर्डातली रात्रीची सिस्टर फोन करतेय. "सर, मी वॉर्ड ९ मधून स्टाफ बोलतेय. १४ नंबरच्या बाईंची नाडी बारा वाजल्यापासून ९२ वरून १२८ वर गेलीय, बीपी ९० बाय ६०. वय ५२, काल दुपारी आतड्याच्या छिद्राची शस्त्रक्रिया झालीय. चार तासांत लघवी फक्त ४० एमएल. पोट फुगलंय, हात लावला की कडक लागतंय. आत रक्तस्राव होतोय किंवा इन्फेक्शन पसरतंय असं मला वाटतंय. तुम्ही लगेच येऊन बघावं. तोवर सलाईन वाढवू का, आणि रक्त क्रॉसमॅचला पाठवू का?" मिनिटभराचं बोलणं. हे ऐकल्यावर 'सकाळी बघू' म्हणणं कोणत्याही डॉक्टरला अवघड आहे.

या चारांपैकी पहिले दोन भाग सिस्टर सहज सांगतात. आकडे देणं त्यांच्या हाताशीच असतं. 'मला काय वाटतं' इथे जीभ अडखळते, आणि 'मला काय हवं' इथे तर बहुतेकदा गप्पच बसते. निदान करणं आपलं काम नाही, सरांना 'या' म्हणणं आगाऊपणा होईल, ही शिकवण नर्सिंग शाळेच्या पहिल्या वर्षापासून अंगात मुरलेली असते. म्हणून मला वाटतं, एसबारचा तक्ता वॉर्डाच्या भिंतीवर लावून काही साधत नाही. वरिष्ठ डॉक्टरांनीच फोनवर विचारायला हवं: 'सिस्टर, तुम्हाला काय वाटतं? मी येऊ का?' दोनदा असं विचारलं गेलं की तिसऱ्या वेळी ती स्वतः सांगते.

बोलणं पोचलं तरी परतीचा रस्ता उरतोच, डॉक्टरांची ऑर्डर. फोनवरची ऑर्डर सिस्टरने लिहून घ्यायची, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि पलीकडून 'बरोबर' ऐकूनच ठेवायचं. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा सुटा म्हणायचा, 'एक-पाच' किंवा 'पाच-शून्य'. हा शिस्तीचा अतिरेक वाटेल, पण इन्सुलिनचं उदाहरण घ्या. युनिटसाठी इंग्रजी 'यू' अक्षर घाईत लिहिलं की शून्यासारखं दिसतं आणि दहा युनिटचे शंभर होतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने म्हणूनच ते अक्षर वापरायला बंदी केली. भारतात त्याहून एक पदर जास्त आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्यांत एका एमएलमध्ये ४० युनिट असतात, तर पेनमधल्या काडतुसांत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजने भरलं की रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या निम्म्याहून कमी मिळतं, आणि उलट झालं तर अडीचपट. रुग्णालयाची फार्मासिस्ट, वॉर्डातली सिस्टर आणि घरी टोचणारा मुलगा, या तिघांत 'कोणती बाटली, कोणती सिरिंज' एवढं बोलणं झालं तर हा घोळ टळतो. डिस्चार्जच्या दिवशी मुलाकडून एकदा सिरिंज भरवून घेणारी सिस्टर ही त्या घराची मोठी सेवा करत असते.

पाळी बदलते तेव्हा सिस्टर एकमेकींना 'ओव्हर' देतात. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, या तीन वेळांना वॉर्डाची सगळी माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाते, आणि जाताना गळते. स्टेशनवर रिपोर्ट बुक समोर ठेवून भराभर वाचलेला ओव्हर पाच-दहा मिनिटांत उरकतो. खाटेशी जाऊन दिलेला ओव्हर वेळखाऊ असतो, पण तिथे दोघींच्या नजरेसमोर सलाईनची बाटली असते, जखमेवरचं ड्रेसिंग असतं, कॅथेटरची पिशवी असते आणि रुग्ण स्वतः असतो. 'दुपारची गोळी मिळाली नाही' हे तोच सांगतो. अर्थात एचआयव्हीसारख्या गोष्टी किंवा घरातली भांडणं खाटेशी बोलायची नसतात. ती स्टेशनवरच सांगायची. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्ण विभागांत निवासी डॉक्टरांच्या ओव्हरला ठरलेला साचा दिला, तेव्हा उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१४ मध्ये नोंदवलं गेलं. आपल्याकडे मात्र डॉक्टरांचा ओव्हर वेगळा, सिस्टरचा वेगळा, आणि एकाच रुग्णाबद्दलची ही दोन बोलणी कधी समोरासमोर येत नाहीत. सकाळी पंधरा मिनिटं दोघांनी मिळून अवघड पाच रुग्णांबद्दल बोलायला कुठलाही कायदा आड येत नाही.

याच्या पुराव्याबद्दल कुणाला शंका असेल तर १९८६ चा एक अभ्यास पाहावा. विल्यम नॉस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतले ५,०३० रुग्ण तपासले. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही मृत्यूंच्या प्रमाणात मोठा फरक उरला. तो यंत्रांमुळे पडत नव्हता. जिथे डॉक्टर आणि नर्स यांच्या कामाचा मेळ चांगला होता, तिथले रुग्ण अधिक वाचत होते.

पुढे पीटर प्रोनोव्होस्ट या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी केली. हात धुणं, त्वचा क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपली की नळी काढणं. यातलं काहीच नवं नव्हतं. नवं होतं ते हे की एकही पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला, आणि प्रशासन तिच्या पाठीशी राहील असं आधीच जाहीर केलं. मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हे राबवल्यावर नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचं मध्यक प्रमाण, नळीच्या दर हजार दिवसांमागे २.७ होतं ते, तीन महिन्यांत शून्यावर आलं. ही यादी साबण-चादरीची म्हणून प्रसिद्ध झाली. माझ्या मते ती अधिकाराची यादी होती.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेआधीची १९ कलमी यादी २००८ ची. आठ शहरांत तिची चाचणी झाली, त्यांत नवी दिल्लीही होती. त्या यादीत एक कलम असं आहे की सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. अनेक सर्जनना हे पोरकट वाटलं. पण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंका बोलायला कमी कचरतो. नाव माहीत असलं तर 'अहो' किंवा 'सिस्टर' अशी हवेत हाक न मारता नेमक्या माणसाला सांगता येतं. चाचणीतले मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर आल्या. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातून वेगळी बातमी आली. १०१ रुग्णालयांत ही यादी सक्तीची केल्यावर लक्षणीय फरक पडला नव्हता. यावर बरीच चर्चा झाली. माझा कल या अर्थाकडे आहे की कागदावर खुणा करणं वेगळं आणि थांबून एकमेकांशी बोलणं वेगळं. आपल्याकडच्या अनेक थिएटरांत ती यादी शस्त्रक्रिया संपल्यावर एका बैठकीत भरली जाते, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारावं.

वॉर्डाच्या भिंतीबाहेर ही वाट लांबते, आणि महाराष्ट्रात ती उपकेंद्रापासून सुरू होते. गरोदर बाईला झटके आले तर तिथली एएनएम सिस्टर मॅगसल्फचा पहिला डोस देऊन तिला पुढे पाठवते. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, मिळून दहा ग्रॅम. हा डोस जीव वाचवतो. रुग्णवाहिका प्राथमिक आरोग्य केंद्रावरून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात जाते. सोबतच्या चिठ्ठीवर 'झटके, पुढील उपचारासाठी रवाना' एवढंच असेल तर जिल्ह्याच्या लेबर रूममधला डॉक्टर पुन्हा पूर्ण डोस देऊ शकतो. मॅगसल्फ जास्त झालं की श्वास मंदावतो. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, लघवीचं प्रमाण आणि श्वासाची गती तपासायची असते, ती याचसाठी. चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ ठळक लिहिणं, आणि निघण्याआधी पुढच्या लेबर रूमला फोन करणं, हे त्या बाईच्या उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे. जिल्ह्याच्या डॉक्टरने त्या एएनएमला उलट फोन करून 'तुमचा डोस वेळेवर पडला, बाई शुद्धीवर आहे' असं कळवलं, तर पुढची चिठ्ठी अधिक काळजीने लिहिली जाईल. हा उलटा फोन आपल्याकडे फारच क्वचित होतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि ठराविक लक्षणं एकत्र दिसली की प्रतिजैविक सुरू करायचा अधिकार दिला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या ३९ गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. निरीक्षण करणारी व्यक्ती उतरंडीत कितीही खाली असो, तिच्या निरीक्षणाला नेमका आकार आणि त्यापुढच्या कृतीला मान्यता मिळाली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सांगूनही ऐकलं गेलं नाही तर? अमेरिकेच्या सरकारी प्रशिक्षणात यासाठी तीन चढती वाक्यं शिकवतात. आधी 'मला काळजी वाटतेय', मग 'मला हे बरोबर वाटत नाही', आणि शेवटी 'हे रुग्णासाठी सुरक्षित नाही, थांबा.' तिसरं वाक्य आलं की खोलीतल्या प्रत्येकाने थांबायचं असं आधीच ठरलेलं असतं. ड्यूटी डॉक्टर येत नसेल तर रजिस्ट्रार, तेही नाही तर युनिट हेड, हा क्रम लेखी असला म्हणजे सिस्टरला 'तक्रार केली' असा डाग लागत नाही. ती नियम पाळत असते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयातल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. आपल्याकडे चूक लिहिणाऱ्या सिस्टरला पहिल्यांदा मेमो मिळतो. पुढच्या वेळी ती लिहीत नाही, आणि तीच चूक दुसऱ्या वॉर्डात पुन्हा होते. पहाटे बोलावून घेतल्यावर रुग्ण ठीक निघाला, तर येणाऱ्या डॉक्टरने काय म्हणायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. तिथे एकदा ओरडा बसला की पुढच्या दहा रात्रींचे फोन बंद होतात.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमूल्यांचा स्वतंत्र भाग आला आहे, आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही संवादाचा विषय आहे. पण मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे दोन्ही विद्यार्थी एकाच आवारात राहूनही तो विषय वेगवेगळ्या वर्गांत शिकतात. वर्ग एकत्र करणं अवघड असेल तर सुरुवात हृदय बंद पडल्यावरच्या सरावापासून करावी. एक पुतळा, वॉर्डाची इमर्जन्सी ट्रॉली, आणि भावी डॉक्टर, भावी सिस्टर, ब्रदर, तंत्रज्ञ मिळून सहा-सात जण. छाती दाबणारा एक, श्वास देणारा एक, औषध भरणारी एक, आणि घड्याळ बघून दर दोन मिनिटांनी मोठ्यानं वेळ सांगणारी एक. औषध मागणाऱ्याने नाव घेऊन मागायचं, देणारीने मात्रा म्हणून दाखवायची, दिल्यावर 'दिलं' म्हणायचं. वेळ सांगणाऱ्या विद्यार्थिनीने 'सहा मिनिटं झाली, अजून शॉक दिलेला नाही' असं म्हटलं की सगळ्यांनी तिच्याकडे पाहायचं. सराव संपल्यावर काय चुकलं याची चर्चा होते. ती सुरू करायचा मान गटातल्या सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्याचा, आणि सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने शेवटी बोलायचं.